तीन नंबरची वायर

देवरे साहेब रिटायर झाले त्या दिवशी सगळ्या कंपनीनं पेढे खाल्ले, मी खाल्ला नाही. मला शुगर नाही, डाएट वगैरेही नाही. त्या माणसाच्या नावाचा पेढा माझ्या घशाखाली उतरला नसता, एवढंच. आणि हे मी तो वर गेल्यावर लिहितेय असंही नाही. चांगला ठणठणीत आहे तो. सटाण्याजवळ शेत आहे त्याचं, तिथे कांद्याच्या चाळीसमोर खाट टाकून बसतो म्हणे. मजुरांना वाफ्याच्या नंबरनं हाका मारतो का ते माहीत नाही. मारत असणार.

आठवण निघाली ती एका ऑडिटरमुळे. गेल्या आठवड्यात आमच्या टेस्टिंग रूममध्ये तो वाकून वाकून सगळं बघत होता. कॉम्प्युटरच्या मागे एक यूएसबी हब आहे, सात तोंडांचा, आणि त्याच्या चार तोंडांवर वेगवेगळ्या रंगांची नेलपॉलिश लावलेली आहे. "हे काय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "वायर हलू नये म्हणून." त्यानं मान हलवली आणि पुढे गेला. पण माझ्या डोक्यात देवरे जो शिरला तो दोन दिवस निघेना, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

अंबडला आमची कंपनी. गॅसच्या शेगड्यांना लागणारे व्हॉल्व्ह बनवते. टेस्टिंग रूममध्ये चार टेबलं, चार बायका. प्रत्येकीच्या टेबलावर गळती तपासायचं एक यंत्र. व्हॉल्व्ह लावायचा, हवा सोडायची, हिरवा दिवा लागला तर माल पुढे, लाल लागला तर लाल डब्यात. चारही यंत्रांच्या वायरी त्या हबमधून एकाच कॉम्प्युटरला जातात आणि कुठल्या टेबलावर किती पास, किती फेल, हे तिथे आपोआप नोंदलं जातं. संध्याकाळी लाल डब्यातला माल मोजायचा आणि कॉम्प्युटरमधल्या फेलच्या आकड्याशी जुळवायचा. डब्यात कमी निघाला तर अर्थ एकच: बाईनं गळका व्हॉल्व्ह चांगल्या मालात ढकलला. त्या गुन्ह्याला आमच्याकडे माफी नाही, आणि नसावीच. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जातो तो व्हॉल्व्ह.

कॉम्प्युटर विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतो. त्याला अशा वायरी जोडल्या की तो त्यांना आपल्या मनानं नावं देतो. जी आधी दिसली ती टीटीवाययूएसबी शून्य, नंतरची एक, मग दोन, मग तीन. कोण कुठल्या टेबलावरून आलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आज जी शून्य, ती उद्या दोन होऊ शकते. लाईट जाऊन आली की सगळ्या वायरी एकदम दिसतात आणि मग कोणाला कुठलं नाव मिळेल याचा नेम नाही. एका टेबलाचे आकडे दुसऱ्याच्या खात्यात.

यावर उपाय म्हणजे देवरे साहेब.

पंडित देवरे. मेंटेनन्सचे. उंच, वाळलेला माणूस, शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी आणि खिशाला टेस्टर लावलेला. सकाळी साडेसातला यायचा, आठच्या शिफ्टच्या आधी. चारही वायरी उपटायचा, कॉम्प्युटर चालू करायचा, मग एकेक वायर शर्टाच्या टोकानं पुसून हबमध्ये खोचायचा. दोन वायरींच्या मध्ये दहापर्यंत मोजायचा, ओठ हलवत. तेवढ्या वेळात पहिलीला नाव मिळालेलं असायचं. कुठली वायर आधी, कुठली नंतर, हे फक्त त्याला माहीत. तोवर चारही बायका भिंतीला टेकून उभ्या. कुणी पुढे झाली की म्हणायचा, "हात लावू नका. बोलू नका. उभं राहा." आणि चौथी वायर बसली की हात झटकून, "हां, करा चालू."

रोज. दिवसात तीनदा लाईट गेली तर तीनदा. ही पूजा मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर राग यायला लागला.

तो कुणालाही नावानं हाक मारायचा नाही. टेबलाचा नंबर हीच हाक. "ए दोन नंबर, तुझा डबा सरकव." "तीन नंबर, खाली बघ, काम कर." बाई सोडून गेली आणि दुसरी आली की ती लगेच तीन नंबर. एकदा मी विचारलंही, की साहेब, हिला नाव आहे, का नाही वापरत? म्हणाला, "बाई येती जाती. टेबल राहतं." माझं टेबल पाचवं, कोपऱ्यातलं, म्हणून मी पाच नंबर. डिप्लोमा करून, नंतर डिग्री करून, सॉफ्टवेअर सांभाळायला आलेली मी, तीन वर्षं पाच नंबर होते. मॅनेजर शिरसाठ साहेबांसमोरसुद्धा.

जेवायचा तो टेस्टिंग रूममध्येच, कॉम्प्युटरच्या शेजारी. घरचा कांदा पँटच्या खिशातून काढायचा आणि टेबलावर ठेवून मुठीनं असा हाणायचा की चारही यंत्रांचे काटे थरथरायचे. आम्ही दचकलो की त्याला बरं वाटायचं. चहा स्वतःच्या स्टीलच्या पेल्यात. तो पेला दुसऱ्या कुणी धुतला तर पुन्हा धुवायचा. आवाज कधी चढवायचा नाही, हे मात्र खरं. राग आला की अहिराणीत जायचा आणि आवाज उलट खाली यायचा. "काय करी ऱ्हायनी तू?" एवढं तो हळू म्हणाला की समोरच्या बाईच्या हातातला व्हॉल्व्ह पडायचा.

मुलीच्या लग्नाला त्यानं दोन दिवस रजा घेतली. नेमकी पहिल्याच दिवशी सकाळी लाईट गेली. शिरसाठ साहेबांनी फोन केला, वायरींचा क्रम सांगा म्हणून. मागे सनई वाजत होती, फोन स्पीकरवर होता, आम्ही सगळे ऐकत होतो. देवरे म्हणाला, "फोनवर नाय सांगता येत. आल्यावर बघू." अहो, चार वायरींचा क्रम! एका वाक्याचं काम. टेस्टिंग दीड दिवस बंद राहिलं, माल गाडीत चढला नाही, चार बायका हाताची घडी घालून बसल्या. तो आला, हळदीचे हात घेऊन, वायरी खोचल्या, "करा चालू" म्हणाला. शिरसाठ साहेबांनी त्याला वर चहा पाजला. लिहून द्या असं म्हटलं, तर कपाळावर बोट आपटून म्हणाला, "सगळं इथं हाय. लिहायला मी काय कारकून हाय का?"

त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाची पूजा बंद करायची.

तसा उपाय सोपा असतो. लिनक्समध्ये नियमांची एक छोटी फाइल लिहिता येते. अमुक सिरियल नंबरची वायर आली की तिला अमुक नाव दे, मग ती कधीही येवो, कितव्यांदाही येवो. चार ओळींचं काम. मी मोठ्या तोऱ्यात बसले, पहिल्या वायरीचा सिरियल नंबर काढला: शून्य शून्य शून्य एक. दुसरीचा काढला: शून्य शून्य शून्य एक. तिसरीचा, चौथीचा, सगळ्यांचा तोच. स्वस्तातल्या कन्व्हर्टरच्या वायरी, बनवणाऱ्यानं सगळ्यांवर एकच नंबर छापलेला. देवरे मागे उभा होता, पेल्यातला चहा पीत. त्याला हे आधीपासून माहीत होतं. मी तासभर झटले, तोवर तो एक अक्षर बोलला नाही. मग म्हणाला, "एका आईची लेकरं हायत ती चारी. नंबर बघून ओळखणार व्हय, पाच नंबर?" बायका हसल्या. मला रडू येईल की काय असं झालं, इतकी चिडले.

पण दुसरा मार्ग होता. वायरीला ओळख नसली तरी तोंडाला असते. हबचं पहिलं तोंड, दुसरं, तिसरं, चौथं, हे कॉम्प्युटरला नीट कळतं. मग नियम असा लिहिला की तिसऱ्या तोंडात जे असेल ते टेबल तीन. लाईट जावो, येवो, आधी दिसो, नंतर दिसो. एका रविवारी येऊन केलं. दहा वेळा कॉम्प्युटर बंद-चालू केला, दहाही वेळा नावं जागच्या जागी. अट एकच, की या तोंडातली वायर त्या तोंडात घालायची नाही.

सोमवारी सगळ्यांसमोर दाखवलं. शिरसाठ साहेबांनी मेन स्विच पाडला, वर केला, आणि देवरेनं हात न लावता चारही टेबलं चालू झाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी, माझ्या जिभेला काही हाड नाही, मी म्हटलं, "चला, आता देवरे साहेबांना सकाळी लवकर यायची गरज नाही." हशा झाला. देवरे हसला नाही. पेला घेऊन बाहेर गेला. हे वाक्य मी बोलले नसते तर पुढचं घडलं नसतं, असं मला अजूनही वाटतं. पण म्हणून मी त्याला सूट देणार नाही.

तीन नंबरला तेव्हा मंगल गावित होती. सुरगाण्याकडची. पाच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर, आणि त्या महिन्यात तीन बायका परमनंट व्हायच्या होत्या, त्यात तिचं नाव होतं. मुलगी गावाकडे आश्रमशाळेत. पक्की नोकरी लागली की तिला नाशिकला आणायची, हे मंगल रोज एकदा तरी सांगायची. अंबडमधली शाळा बघून ठेवली होती तिनं. गणवेशाचा रंगसुद्धा सांगायची. हाताला अशी नेटकी की तिच्या टेबलावर फेल माल कमीच निघायचा, कारण यंत्रात लावतानाच ती तिरका धरायची नाही.

त्या मंगळवारी संध्याकाळी माल मोजला. मंगलच्या लाल डब्यात चार. कॉम्प्युटरमध्ये टेबल तीनला फेल अकरा. म्हणजे सात गळके व्हॉल्व्ह चांगल्या मालात गेले. शिरसाठ साहेबांचा चेहरा उतरला. मंगल म्हणाली, "साहेब, चारच लाल लागले. देवाशपथ चारच." ती रडायला लागली. साहेबांनी देवरेकडे बघितलं, जुना माणूस म्हणून. देवरे दाराला टेकून उभा होता. म्हणाला, "कॉम्प्युटर खोटं नाय बोलत. मॅडमनंच बसवलाय ना नवा नियम." आयुष्यात पहिल्यांदा तो मला मॅडम म्हणाला, ते असं.

मंगलला दुसऱ्या दिवसापासून घरी बसवलं. परमनंटची यादी त्याच संध्याकाळी वर गेली, तिच्या नावाशिवाय.

मला झोप लागेना. नियमात काही चुकलं असेल तर तिच्या पोटावर पाय मी दिलेला. बुधवारी सकाळी आले आणि सगळे आकडे पुन्हा काढले. मग ते दिसलं, जे कुणी बघितलंच नव्हतं. दोन नंबरच्या सुनीताच्या डब्यात अकरा होते आणि कॉम्प्युटरमध्ये तिच्या नावावर चार. डब्यात जास्त निघाले तर आमच्याकडे कुणी विचारत नाही, खबरदारी घेतली म्हणून सोडून देतात. चार आणि अकरा, अकरा आणि चार. दोन वायरींची अदलाबदल, दुसरं काही नाही.

लिनक्स सगळं लिहून ठेवतो. कुठल्या तोंडातून वायर निघाली, कधी निघाली, कधी परत लागली. मी नोंदी उघडल्या. मंगळवारी सकाळी सात एक्केचाळीसला दुसऱ्या आणि तिसऱ्या तोंडातली वायर निघाली, अर्ध्या मिनिटात दोन्ही लागल्या. आणि बुधवारी, त्याच सकाळी, सात अडतीसला पुन्हा दोन्ही निघाल्या, पुन्हा लागल्या. एक दिवस उलट, दुसऱ्या दिवशी सुलट. चूक अशी दुसऱ्या दिवशी स्वतःहून दुरुस्त होत नाही हो. साडेसातला त्या खोलीत कोण असतं, हे सगळ्या कंपनीला माहीत.

कागद छापून मी शिरसाठ साहेबांकडे गेले. त्यांनी देवरेला बोलावलं. तो अजिबात डगमगला नाही. "हां, काढली. पुसायला काढली. लावताना इकडची तिकडं गेली असंल."

"आणि आज परत?" मी म्हटलं.

"आज परत पुसली." मग साहेबांकडे वळून, "पाच नंबरनं नियम केला, मला कुठं सांगितला? मला आपलं वाटलं, आता कुठली बी कुठंबी चालती."

खोटं बोलत होता, धडधडीत. सोमवारी त्याच्यासमोर मी ती अट दोनदा सांगितली होती. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. "साहेब, एका बाईची नोकरी गेली तुमच्यामुळे," मी म्हटलं. तो म्हणाला, "कुणाची?" आणि मग, "हां. तीन नंबर." जसं काही आत्ता आठवलं.

त्याला काही झालं नाही. रिटायरमेंटला वर्ष राहिलेलं, सगळ्या जुन्या मशिनी त्याच्या हाताखालच्या, कोण काय करणार? मंगलला परत घेतलं, माफीचा एक शब्द नाही. यादी मात्र गेलेली होती. पुढच्या वर्षी बघू, असं सांगितलं तिला. तिची मुलगी आणखी एक वर्ष आश्रमशाळेत राहिली. गणवेशाचा रंग मंगलनं पुन्हा कधी सांगितला नाही.

मी मात्र तडतडत होते. नेलपॉलिश तेव्हाच आणली, घरून. हबच्या चार तोंडांवर आणि चार वायरींवर रंग लावले, लालला लाल, गुलाबीला गुलाबी, आणि खोचलेल्या वायरीच्या कडेनं एकेक थेंब सोडला, म्हणजे कुणी उपटली तर तडा दिसेल. गुलाबी तीन नंबरची. मंगल शेजारी उभी राहून बघत होती. मी देवरेच्या नावानं बोटं मोडत होते, आणि ती मलाच समजावत होती. "जाऊ द्या मॅडम. त्यांना काय ठाऊक, कुठली वायर कुणाची. आम्ही सगळ्या त्यांना नंबरच. माणूस बघून नाय केलं त्यांनी."

तिचं हे एक वाक्य मी वर्षभर धरून चालले. खोटं कशाला सांगू, त्यानं माझाही राग थोडा उतरला होता. अडाणी गर्व आहे, दोन वायरी बदलल्या, माणूस दिसलाच नाही त्याला, असं स्वतःला समजावत होते. देवरे रोज साडेसातला येतच राहिला. करायला काही नव्हतं. कॉम्प्युटरसमोर स्टूल टाकून बसायचा, आठ वाजता उठायचा आणि सवयीनं म्हणायचा, "हां, करा चालू." बायका त्याच्या आधीच चालू झालेल्या असायच्या.

वर्षानं मंगल परमनंट झाली. त्याच महिन्यात देवरे रिटायर झाला. शाल, नारळ, पेढे, भाषणं. शिरसाठ साहेब त्याला कंपनीचा आधारस्तंभ म्हणाले, मी खिडकीतून बाहेर बघत होते. निघताना तो माझ्या टेबलाशी आला. पिशवीतून एक वही काढली, खाकी पुठ्ठ्याची, कडा तेलकट झालेल्या. "साहेब म्हणले चार्ज देऊन जा. वायरींचं हाय. आता तुझ्या कामाचं नाय." टेबलावर ठेवली आणि गेला. कपाळावर बोट आपटणारा माणूस! लिहायला मी काय कारकून हाय का म्हणणारा!

मी उघडली. सुवाच्य अक्षर, शाळेत गिरवल्यासारखं. नंबर एकही नव्हता. 'आधी लता. दहा मोजणे. मग सुनीता. दहा मोजणे. मग मंगल गावित, हिची ढिली बसते, दाबून लावणे. शेवटी आशा.' आधीच्या पानांवर आधीच्या बायका, सोडून गेलेल्यांच्या नावांवर एकेक सरळ रेघ आणि शेजारी नवीचं नाव, आडनावासकट. पंधरा वर्षांत त्या चार टेबलांवर बसलेली एकही बाई त्यातून सुटली नव्हती. माझं नाव कुठे नव्हतं. माझी वायरच नव्हती.

मंगल पेढ्याचा बॉक्स घेऊन माझ्याकडे आली होती, एक तरी घ्या म्हणायला. तिनं वाकून बघितलं, बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं. "मंगल गावित. मॅडम, हे मीच ना?" तिचा चेहरा इतका फुलला की मला तिच्यावरच राग आला. "म्हणजे त्यांना माझं नाव माहीत होतं!"

तिचं बोट पानावरच होतं. 'हिची ढिली बसते' तिनं पुन्हा वाचलं, ओठ हलवत. मग बोट उचललं.

"म्हणजे ती वायर माझी, हे त्यांना माहीत होतं," ती म्हणाली.

बॉक्स तिनं माझ्या टेबलावर ठेवला, वही उचलली आणि सरळ गेटकडे चालायला लागली. मी मागून. देवरे गेटच्या बाहेर, शाल हातावर, नारळ काखेत, रिक्षाची वाट बघत उभा होता. मंगल त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती त्याच्या डोळ्यांत बघून कधी बोलली नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "माझं नाव काय?"

त्यानं तिच्या हातातली वही बघितली. मग रस्त्याकडे बघितलं. रिक्षा येत होती, त्यानं हात केला. मला वाटलं, हा बसेल आणि जाईल. तो बसला. नारळ मांडीवर घेतला. आणि त्याच्या त्या खालच्या आवाजात, तिच्याकडे न बघता म्हणाला, "मंगल. माले माहीत शे."

"हां," मंगल म्हणाली. "तेवढंच विचारायचं होतं."

तिनं वही त्याच्या मांडीवर ठेवली, नारळाशेजारी. रिक्षा निघाली. मागच्या काचेतून त्याची मान दिसली, ताठ, आणि ती एकदाही वळली नाही. मंगल आत आली, हात धुतले, तीन नंबरला बसली आणि व्हॉल्व्ह लावला. हिरवा लागला.